पिवळा रंग, निळं पाणी

माझी पीएच.डी. व्हायला सहा वर्षं लागली आणि त्यातली दोन एका पिवळ्या भुकटीने खाल्ली. लोक विचारतात, नक्की केलंत काय तुम्ही? मी आधी टाळते. फारच कुणी मागे लागलं तर सांगते, की बाबा रे, कार्बनच्या षटकोनी कड्या एकमेकींना चिकटवून मी रेणू करत होते. आमच्या लालबागच्या चाळीत गॅलरीला षटकोनी लाद्या होत्या ना, तशा. त्यातल्या एखाद-दुसऱ्या कोपऱ्यावरचा कार्बन जाऊन तिथे नायट्रोजन बसला की त्या रेणूचा स्वभाव बदलतो. इलेक्ट्रॉन घ्यायला तो राजी होतो. असल्या रेणूंचा पातळ थर दिला तर त्यातून वीज जाते, आणि मग काचेऐवजी वाकणाऱ्या प्लास्टिकचे पडदे करता येतील, असं स्वप्न तेव्हा जगभर लोक बघत होते. त्यात मीही एक. इथवर येईपर्यंत समोरचा माणूस बहुतेक वेळा चहा सांगायला उठलेला असतो. उठू दे.

खरं तर हे सगळं मी सांगते ते बाबांसाठी. बाबा गिरणीत रंगखात्यात होते. कापडाचा तागा दोन रुळांवरून पुढे-मागे रंगाच्या पाण्यातून फिरवायचं मशीन असे, त्यावर. काही रंग असे हट्टी असतात की पाण्यात विरघळतच नाहीत. त्यांना कॉस्टिक सोडा आणि हायड्रो नावाची पांढरी पावडर घालून गरम पाण्यात मुरवावं लागतं. मग ते विरघळतात, पण विरघळताना आपला रंग सोडून भलताच रंग घेतात. कापड ते पाणी पितं, बाहेर येतं, हवा लागली की मूळ रंग परत येतो आणि मग कितीही धुवा, जात नाही. त्या पाण्याला खात्यात सगळे व्हॅट म्हणत. व्हॅट नीट लागला की नाही हे बघायला बाबांच्या सदऱ्याच्या खिशात पिवळ्या कागदाच्या पट्ट्या असायच्या. पट्टी पाण्यात बुडवायची. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत निळी झाली तर हायड्रो पुरेसा आहे. हिरवट राहिली किंवा वेळ लावला तर हायड्रो कमी पडलाय. उरलेल्या पट्ट्या मी पुस्तकात खुणेला घालायचे. एकदा जीभ लावून बघितली होती, त्यावर आईने पाठीत धपाटा घातला.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. संपाबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी काय नवीन सांगणार? आमच्या घरापुरतं सांगते. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात रंगखात्यातली आमच्या गावाकडची माणसं चाळीच्या गच्चीवर जमली. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने नारळ समोर ठेवून गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते, ग्रामदेवाला मोठ्याने हाक मारून आपलं म्हणणं त्याच्या पायाशी ठेवायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. मी जिन्यात बसून ऐकत होते. सगळ्यांना परत आत घेईपर्यंत आमच्यातला कुणी रंगाला हात लावणार नाही रे महाराजा. व्हय महाराजा. त्यात बाबांचा आवाज मला वेगळा ओळखू आला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

पुढे काय झालं ते मुंबईला माहीत आहे. सगळ्यांना परत घेतलं नाही. काही जण हळूहळू आत गेले, काही गावी गेले, आणि बाबा दादरला हिंदमाताच्या कापडबाजारात एका साड्यांच्या दुकानात लागले. गिऱ्हाइकासमोर उलगडलेल्या साड्यांच्या परत घड्या घालायच्या. घड्या ते देखण्या घालत, पण एक खोड होती. नवीन साडी हातात आली की अंगठा ओला करून पदराच्या कोपऱ्यावर घासायचे आणि अंगठ्याकडे बघायचे. रंग जातोय हे त्यांच्या तोंडावर गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसायचं. शेठने कितीदा समज दिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. "मी बोललो काही?" असं वर तेच विचारायचे. बोलायची गरजच नव्हती.

एम.एस्सी. होऊन मी वडाळ्याच्या अलीकडच्या एका कॉलेजात संशोधनाला लागले तेव्हा बाबांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुझ्या जागेवर आधी कोण होतं? कुणाला काढून तर तुला घेतलं नाही ना?" मी म्हटलं, नाही हो, आधीची मुलगी डॉक्टर होऊन गेली. मग ठीक आहे म्हणाले आणि पेढे आणायला खाली गेले.

माझ्या मॅडम गिरगावातल्या, पिढ्यान् पिढ्या मुंबईत राहिलेल्या घरातल्या. मराठी अगदी पुस्तकातल्यासारखं. त्यांनी मला एक जुना रंग दिला, आठ कड्यांचा आणि दोन नायट्रोजनांचा, आणि सांगितलं की ह्याच्यात वीज वाहून न्यायची ताकद असावी. अडचण एवढीच, की तो कशातही विरघळत नाही, आणि विरघळत नाही म्हणून तो साफ करता येत नाही. रेणूंच्या ह्या धंद्यात हजारात एक कचरा असला तरी वीज अडते. म्हणून त्याच्यात आधी बदल करायचा, त्याला बाजूला लांब शेपट्या जोडायच्या, म्हणजे तो विरघळेल. मी ग्रंथालयात जाऊन रंगांची जुनी जाडजूड पुस्तकं काढली. एका पानावर लिहिलं होतं, ह्याच रंगाच्या पट्ट्या कापडगिरण्यांत हायड्रो तपासायला वापरतात. मी ते पान तीनदा वाचलं. काखेत कळसा म्हणतात तो हा. ज्या रेणूसाठी मी परदेशातले शोधनिबंध मागवत होते, तो लहानपणी चाटून झाला होता.

घरी येऊन मी बाबांना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "हां, यलो," आणि पेपर उघडला.

शेपट्या जोडायची रीत साधी वाटत होती. पिवळी भुकटी कॉस्टिक आणि हायड्रोत मुरवायची, ती निळी होऊन विरघळली की गाळून घ्यायची, आणि निळी आहे तोवरच शेपट्या जोडायच्या. तीन तास ते पाणी निळं राहायला हवं. मध्येच तुटलं तर सगळा गाळ खाली बसतो आणि हातात चिखल. माझं दर वेळी तुटायचं. पुस्तकात दिलेलं वजन, पुस्तकातलं तापमान, वर हवा लागू नये म्हणून नायट्रोजन वायूची नळी, सगळं करून तासाभरात कडेने हिरवट व्हायचं. एकदा, दोनदा, सहादा. माझ्या नाकी नऊ आले.

ऑगस्टच्या मध्यावर मॅडमनी मला बोलावून घेतलं. "महिनाअखेरीला तुझी फेलोशिप संपते आहे आणि मुदतवाढ मिळणार नाही, मी विचारून पाहिलं. पुढच्या आठवड्यात मी बंगळूरला जाते आहे. तिथे वीज मोजायचं यंत्र दोन दिवस आपल्याला मिळालं आहे. चिमूटभर दे, पण निर्मळ दे. तेवढं झालं तर प्रबंध पुरा होईल." नाही झालं तर काय, ते मला माहीत होतं. सहा वर्षं पाण्यात, आणि तारापूरच्या एखाद्या कंपनीत दुसऱ्याच्या बाटल्यांवर लेबलं लावायची.

त्या रात्री जेवताना मी बाबांना विचारलं. आजवर विचारलं नव्हतं, कारण मी शिकलेली ना. "बाबा, यलोचा व्हॅट टिकत नाही. कडेने हिरवा होतो. काय करू?"

बाबांनी घास खाली ठेवला. "मला नको विचारू."

"का?"

"नको म्हटलं ना."

आई मध्ये पडली. "अगो, त्यांचं गाऱ्हाणं आहे. तुला माहीत नाही का?"

माझं डोकंच सणकलं. एकोणीस वर्षं झाली होती त्या गाऱ्हाण्याला. "बाबा, संप संपला. तुमच्या गिरणीची चिमणी पाडली, मी बसमधून बघितलं. कुठल्या रंगाला हात लावायचा नाही तुम्ही? आहे कुठे रंग?"

"मागे कुणी घेतला?" बाबा शांतपणे म्हणाले. "संप मागे घेतला असं कुणी सांगितलं? कागद दाखव."

कागद नव्हताच. तो संप कुणी मागे घेतलेलाच नाही, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि अडले की मी वाईट बोलते. मी म्हटलं, "तुमच्या संपाने माझं लहानपण खाल्लं, आता शिक्षण पण खाऊ दे." आणि ताट सारून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. आत बाबांनी जेवण पुरं केलं. अन्न टाकायचं नाही हा त्यांचा नियम होता.

दोन दिवसांनी दुकानाची सुट्टी होती. दुपारी साडेबाराच्या सुमारास शिपाई सांगत आला, कुणीतरी तुमचे वडील म्हणतायत. बघते तर बाबा प्रयोगशाळेच्या दारात. इस्त्रीचा पांढरा सदरा, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. लालबागहून चालत आले होते. मॅडम उठून पुढे गेल्या. "या ना, आत या. बसा."

"इथूनच बरं आहे," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाई, इथला मालक कोण?"

मॅडम गोंधळल्या. त्या विचार करून म्हणाल्या, "मालक असा कुणी नाही. हे काम तिचं आहे, आणि ते झालं तर तिचंच नाव लागेल."

बाबांनी मान हलवली. हात पाठीमागेच. मला म्हणाले, "हायड्रोचा डबा आण इकडे. माझ्या नाकाजवळ धर."

मी डबा उघडून धरला. बाबांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा मेलाय. कधी उघडलास?"

"जूनमध्ये."

"आणि पावसाळाभर हाच वापरतेयस? मुंबईची हवा काय, तुझ्या पुस्तकातली आहे? हायड्रो दमट झाला की दिसायला पांढराच राहतो, आत जीव नसतो. आम्ही डबा उघडला की आठ दिवसांत संपवायचो."

सहा वर्षं शिकलेल्या बाईची अक्कल ती एवढी. मी कोठारातून सीलबंद डबा आणवला. भांडं लावलं. बाबा उंबऱ्याबाहेरून सांगत होते, मी करत होते. आच कमी कर. अजून कमी. यलोला ताप सोसत नाही, तो चिडतो. हायड्रो सगळा एकदम नको, अर्धा आता, अर्धा तो मागेल तेव्हा. मी म्हटलं, "मागेल म्हणजे काय? काटा सांगतो तेवढा घालायचा असतो. उंटावरून शेळ्या हाकू नका बाबा." मॅडम हसल्या. बाबा नाही हसले.

पाणी निळं झालं. गडद, काळसर निळं. काचेची पट्टी आत बुडवून वर धर, म्हणाले. पट्टीवरून पाणी ओघळलं ते स्वच्छ, एक कण नाही. मी गाळून घेतलं, दुसऱ्या भांड्यात घेतलं आणि थेंब थेंब शेपट्यांचं रसायन सोडायला सुरुवात केली. एका हाताने थेंबांची तोटी, दुसऱ्या हाताने वायूची नळी धरलेली, कारण तिचा चिमटा सैल झाला होता. मॅडमना कार्यालयातून बोलावणं आलं, त्या गेल्या. पाऊण तास बरा गेला. मग मला दिसलं, कडेला एक बारीक हिरवी रेघ.

"मागतोय," बाबा दारातून म्हणाले. "दे त्याला."

"हात कुठे आहेत मला? आणि वजन करायला लागेल."

"वजन करेपर्यंत मरेल तो. दे लवकर."

"कशी देऊ?" माझा आवाज रडका झाला. नळी सोडली तर हवा आत, तोटी सोडली तर सगळं रसायन एकदम आत. दोन्हीकडून मेलेच. रेघ बोटभर रुंद झाली. मी बाबांकडे बघितलं. त्यांना 'या' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. परवा त्यांना काय बोलले होते ते आठवलं. मला वाटलं, जाऊ दे. माझी सहा वर्षं गेली तर गेली, ह्यांची एकोणीस मी मागायची नाहीत.

बाबांनी चपला काढल्या. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. पाळी सुरू करताना खात्यात शिरायचे तेव्हा करत असणार तसाच. मग आत आले आणि हायड्रोच्या डब्यात हात घातला. मूठ अर्धी उघडून पावडर तळहातावर हलवली, थोडी परत टाकली, आणि उरलेली भांड्याच्या तोंडातून कडेकडेने भुरभुरवली, तेव्हा बोटांवर निळं पाणी उडालं. काटा नाही, चमचा नाही. हिरवं आत ओढलं गेलं आणि पाणी परत निळं झालं.

मी म्हटलं, "बाबा."

"तोटीकडे बघ," ते म्हणाले.

उरलेले सव्वादोन तास ते माझ्या शेजारी उभे राहिले. आणखी दोनदा त्याने मागितलं, दोनदा त्यांनी दिलं. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांनी नळी माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतली आणि बाबा सांगतील तशी धरून उभ्या राहिल्या. वजनाच्या वहीत हायड्रोच्या रकान्यात मी शेवटी लिहिलं, 'गरजेनुसार'. मॅडमनी त्यावर सही केली. एरवी असल्या नोंदीसाठी त्यांनी वही माझ्या अंगावर फेकली असती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते प्रबंधात छापलेलं आहे. शेपट्या जोडल्या गेल्या. रेणू विरघळला, साफ झाला, नारिंगी सुयांसारखे त्याचे स्फटिक आले. मॅडम चिमूटभर बंगळूरला घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की जातेय. वीज जातेय. फार नाही, पण जातेय. माझा प्रबंध झाला, मी डॉक्टर झाले, आणि आज ज्या पोरापोरींना शिकवते त्यांना पहिल्या दिवशी हायड्रोचा वास घ्यायला लावते.

पण मला त्या स्फटिकांपेक्षा त्या दिवसाची संध्याकाळ जास्त आठवते. आम्ही बसने घरी आलो. बाबा खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. बोटांच्या पेरांत पिवळं बसलं होतं, हवा लागून आलेलं पक्कं पिवळं. हिंदमाता गेलं, परळ गेलं. मला क्षमा मागायची होती. शेवटी म्हटलं, "बाबा, मी परवा बोलले ते..." ते म्हणाले, "खरं होतं त्यातलं अर्धं." मला त्यांची भीती वाटत होती असं नाही, त्यांच्यासाठी वाटत होती. ज्या एका गोष्टीवर हा माणूस इतकी वर्षं ताठ उभा होता, ती मी आज त्यांच्याकडून काढून घेतली होती.

खोलीत शिरलो तेव्हा आई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. बाबा दारातच थांबले, चपलाही न काढता. हात तिच्यासमोर धरला. गुन्हा कबूल करतात त्या आवाजात म्हणाले, "आज मी कामावर गेलो होतो."

आईने त्यांच्या हाताकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं, गाऱ्हाणं मोडलं हेही आणि ते माझ्यासाठी मोडलं हेही. मग ती सूप बाजूला ठेवून उठली, आणि रोजच्या कुरकुरीच्या सुरात म्हणाली, "सांगून गेला असतात, तर डबा भरून दिला असता."

बाबा तिथेच दारात खाली बसले आणि रडायला लागले. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा तो पिवळा हात तिने आपल्या मांडीवर घेतला.